चौदा आण्यांचा त्रिकोण

दुकानातून चांगलं धडधाकट नवं कापड आणायचं, त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि मग ते तुकडे एकमेकांना शिवून पुन्हा कापडच तयार करायचं, ह्या उद्योगाला अमेरिकेत छंद म्हणतात. आमच्या डहाणू तालुक्यात एखाद्या बाईनं हे आरंभलं, तर घरचे तिला आधी डॉक्टरकडे नेतील आणि येताना वाटेत भगतालाही दाखवून आणतील. कापडाचे तुकडे मुद्दाम करावे लागत नाहीत, ते आपले होतात, अशी आमच्याकडची समजूत आहे. लुगडं नेसून नेसून विरलं की त्याची गोधडी होते, गोधडी विरली की तिचं पायपुसणं होतं, आणि पायपुसण्यालाही निवृत्ती नसते. त्याच्या चिंध्या वाडीत चिकूची कलमं बांधायला जातात. गिरणीतून निघालेलं एक कापड तीन पिढ्यांची सेवा करून शेवटी झाडाच्या अंगावर देह ठेवतं. एवढ्या आयुष्यात त्याला कोणी मोजपट्टी लावलेली नसते.

अशा गावात, म्हणजे कैनाडात, माझी न्यू जर्सीची भाची बॅगभर नवंकोरं सुती कापड घेऊन उतरली. त्यातल्या बऱ्याच कापडाच्या काठावर 'मेड इन इंडिया' असं छापलेलं होतं. म्हणजे ते कापड समुद्र ओलांडून गेलं, तिथे डॉलरमध्ये विकलं गेलं आणि विमानाचं भाडं भरून मायदेशी परतलं. गावातले अनेक हुशार मुलगे गेले ते अजून परतलेले नाहीत, हे लक्षात घेता कापडाचं कौतुकच करायला हवं.

निमित्त होतं बाळाचं. माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, बारसं तोंडावर आलेलं, आणि भाचीनं जाहीर केलं की आतेबहिणीच्या नात्यानं ती बाळासाठी 'फ्लाइंग गीज'चं दुपटं शिवणार.

फ्लाइंग गीज म्हणजे उडते हंस. ऐकायला मोठं काव्यमय आहे. प्रत्यक्षात तो एक आडवा आयत असतो, उंचीच्या बरोबर दुप्पट रुंद. त्याच्या मधोमध एक मोठा त्रिकोण बसतो तो हंस, आणि वरच्या दोन कोपऱ्यांत दोन लहान त्रिकोण, ते आभाळ. असे आयत एकावर एक रचत गेलं की त्रिकोणांची रांग वर निघालेली दिसते आणि बघणाऱ्यानं हंस उडाले असं मानून घ्यायचं असतं. अमेरिकेत हिवाळ्याच्या तोंडी हंसांचे थवे बाण करून दक्षिणेकडे निघतात. ते बघून तिकडच्या बायकांनी एकोणिसाव्या शतकात हा नमुना बसवला. नमुन्यांना नावं द्यायची त्यांना भारी हौस. एकाचं नाव 'अस्वलाचा पंजा', एकाचं 'ओंडक्यांची झोपडी', आणि एकाचं चक्क 'दारुड्याची वाट'. ही शेवटची वाट कापडावर इतकी नागमोडी का, असं माझ्या बायकोनं विचारलं. आमच्या भागातली दारुड्याची वाट दारूबंदीच्या गुजरातेतून दमणला जाते, आणि जाताना ती अगदी सरळ असते. वळणं काय ती परतीची.

ह्या हंसांबद्दल एक गोष्टही सांगतात. गुलामगिरीतून पळून जाणाऱ्यांना वाट कळावी म्हणून असल्या गोधड्या कुंपणावर वाळत घालत, आणि चोची जिकडे असतील तिकडे पळायचं, असं १९९९ साली एका पुस्तकानं जगाला सांगितलं. इतिहासकारांनी पुरावा मागितला, तो काही निघाला नाही. पण गोष्ट उबदार असल्यामुळे अंगावरून काढायला कोणी तयार नाही.

आमच्याकडे हंस नाहीत. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस जायकवाडीला उतरतात, तिथून पुढे डहाणूपर्यंत यायला त्यांना सवड नसावी. आम्हाला ओळीनं उडताना दिसतात ते बगळे. दिवसभर भाताच्या खाचरात एका पायावर उभं राहायचं आणि संध्याकाळी झाडाकडे परतायचं, असा त्यांचा नोकरदार दिनक्रम. त्यामुळे 'फ्लाइंग गीज' हे नाव भाचीच्या तोंडीच राहिलं आणि बाकी सगळं घर 'ताईचे बगळे' म्हणू लागलं.

पहिला अडथळा आत्यानं घातला.

आत्या माझी, म्हणजे भाचीची आत्याआजी. ऐंशी कधीच उलटली. तिनं टेबलावरच्या नव्या कापडाला हात लावला, बोटांत चोळून पाहिलं आणि निकाल दिला, "बाळाला नवं कापड लागत नाही."

"आत्याआजी, हे ऑर्गॅनिक कॉटन आहे."

"असेल. पण कोणी वापरलेलं नाही ना?"

ह्यावर जगातल्या कुठल्याही कंपनीकडे उत्तर नाही. तान्ह्या बाळाचं अंगडं-टोपडंसुद्धा आम्ही दुसऱ्या बाळाचं मागून आणतो. नवं कापड टोचतं हे एक कारण, आणि नव्या कापडातलं बाळ नजरेत भरतं हे दुसरं. पहिलं कारण डॉक्टरलाही पटतं. दुसरं पटलं नाही तरी डॉक्टरीणबाई स्वतःच्या बाळाच्या गालावर काजळाची तीट लावताना दिसतात. शेवटी आत्याच्या पेटीतून एक जांभळं लुगडं आणि एक धुवून धुवून पिठूर झालेलं पांढरं पातळ निघालं. जांभळ्याचे बगळे, पांढऱ्याचं आभाळ. निसर्गात हे रंग उलटे असतात, पण तक्रार करायला बगळे जागेवर नव्हते.

आता भाचीच्या अडचणीला सुरुवात झाली, कारण ही विद्या नव्या, ताठ कापडावर रचलेली आहे. त्रिकोण म्हटला की एक तरी बाजू उरेब येते, आणि उरेब कापड ताणतं. म्हणून मोठ्या त्रिकोणाची लांब बाजू उभ्या-आडव्या धाग्यावर ठेवायची आणि ताणणाऱ्या बाजू आत शिवणीत दाबून टाकायच्या, अशी ह्या बगळ्यामागची योजना आहे. जुन्या लुगड्याला ती कोण समजावणार? ते उरेबाची वाट बघत नव्हतं, सरळ धाग्यावरही ताणत होतं. भाची म्हणाली, कापायच्या आधी कापडाला स्टार्चचा फवारा मारतात, तो डहाणूला मिळेल का? बायकोनं चुलीवरची तांदळाची पेज गाळली आणि लुगडं त्यात बुचकळून काढलं. दुपारच्या उन्हात त्याची पापडी झाली. मग ते कापायला तयार झालं.

कापायची हत्यारं मात्र परदेशी होती. गोल फिरणाऱ्या पात्याचा रोटरी कटर जपानच्या ओल्फा कंपनीनं १९७९ साली काढला, आणि तेव्हापासून ह्या छंदातल्या बायकांनी कात्रीशी बोलणं सोडलं. त्याच्याखाली पसरायला एक हिरवी चटई असते. तिच्यावर कितीही वार केले तरी जखम आपोआप भरून येते, असं भाचीनं सांगितलं. आत्या खुर्ची ओढून चटईशेजारी बसली आणि बराच वेळ जखम भरण्याची वाट पाहत राहिली. सुइणीपासून वैद्यापर्यंत सगळ्यांचं काम पाहिलेली बाई ती. कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवणं तिच्या स्वभावात नाही.

मग आलं गणित, आणि गणितानं घराची सत्ता उलथवली.

तयार बगळा ४ इंच रुंद आणि २ इंच उंच हवा होता. भाची म्हणाली, चार बगळे एकदम निघण्याची एक युक्ती आहे. एक मोठा चौरस कापायचा, तयार रुंदीपेक्षा १¼ इंचानं मोठा.

"म्हणजे सव्वापाच," आत्या म्हणाली. "सव्वा चांगला."

आणि चार लहान चौरस कापायचे, तयार उंचीपेक्षा ७/८ इंचानं मोठे.

इथे खोलीत शांतता पसरली. माझी मुलगी इंजिनियर. तिनं बाळाला दुसऱ्या हातावर घेऊन मोबाइलवर ०.८७५ असा आकडा काढला आणि तो कोणाच्याच कामाचा नाही हे तिच्याच लक्षात आलं. बायको म्हणाली, पाऊण आणि वर थोडं. 'थोडं' म्हणजे किती, ह्यावर तिनं स्वयंपाकात चालतं तेवढं असं सांगितलं. जावई व्हिडिओ कॉलवर होते, त्यांनी मिलिमीटरमध्ये विचार करावा असं सुचवलं आणि जावयांना नेहमी मिळतो तो मान देऊन सगळ्यांनी दुर्लक्ष केलं.

"चौदा आणे," आत्या म्हणाली.

ज्यांची शाळा १ एप्रिल १९५७ नंतर सुरू झाली त्यांच्यासाठी सांगतो, त्या दिवशी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन. अर्धं करत जावं तसा तो रुपया सुरेख उलगडत असे. आत्याच्या पिढीनं बे एके बेच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ केलेली आहे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीनचा पाढा मुलांना का पाठ करायला लावायचे हे मला आजवर कळलं नव्हतं. अमेरिकन इंच बघितल्यावर कळलं. तोही अर्धा, पाव, अर्धा पाव, सोळावा असाच मोडतो. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या त्या देशानं सेंटिमीटर काही गळी उतरू दिला नाही, आणि त्यामुळे अमेरिकन बगळ्याचं गणित कैनाडात सगळ्यात लवकर सुटलं ते आमच्या आत्याला. लहान चौरस दोन रुपये चौदा आणे, मोठा सव्वापाच रुपये. त्यानंतर भाचीनं कुठलंही माप विचारलं की आत्या रोख उत्तर द्यायची, आणि भाची ते कापायची. न्यू जर्सीत ज्याचं पुस्तक विकत घ्यावं लागतं ते इथे पानाचा डबा उघडता उघडता सुटत होतं.

हे चौदा आणे आले कुठून, ते माझ्या मुलीनं नंतर बाळ झोपल्यावर कागदावर सोडवलं. कडेच्या शिवणीत पाव-पाव इंच जातो, आणि तिरप्या शिवणीत वर्गमूळ दोन आडवं येतं. सगळं मिळून ०.८५ च्या जरा वर बसतं. सोळा आण्यांत त्याच्या वरचा सोयीचा आकडा चौदा. म्हणजे किंचित मोठं कापायचं आणि मागाहून छाटायचं. "म्हणजे मी बरोबर होते," बायको म्हणाली, "पाऊण आणि वर थोडं."

त्या दिवसांत मागच्या दाराची चौकट बदलायला सुतार येत होता. तो खिडकीतून हे सगळं ऐकत रंधा मारत होता. चौदा आण्यांचा बोभाटा फार झाला तेव्हा तो आत येऊन म्हणाला, "सात सूत म्हणा ना सरळ." इंचाचे आठ सूत हा त्याच्या धंद्याचा हिशोब. आत्यानं त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. चौदा आणे की सात सूत, ह्यावर त्या दोघांचं जे वाजलं ते बारशापर्यंत मिटलं नाही. माप एकच होतं, पण वाद मापाचा नसतोच.

सुताराला ही कला कोणाहीपेक्षा लवकर समजली हे मात्र कबूल केलं पाहिजे. ह्या कामातली सगळी परीक्षा पाव इंचाच्या मायेत असते. माया एक दोरा जास्त धरली तरी पुढच्या शिवणीखाली त्रिकोणाचं टोक गडप होतं आणि बगळ्याची चोच जाते. टोकाच्या वर बरोबर पाव इंच कापड उरलं तर चोच वाचते. भाचीकडे ह्यासाठी मशीनला लावायचा खास पाव इंची फूट होता. तो आमच्या आईच्या वेळच्या पायमशीनला लागेना. पहिल्या चार बगळ्यांपैकी दोन बिनचोचीचे निघाले, एकाची चोच बाजूला गेली आणि चौथा बघून आत्यानं ही घूस आहे का असं विचारलं. नोव्हेंबर २०१८ पासून आमच्या डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हापासून तालुक्यात रेघ वाकडी गेली की कारण हाताशी असतं. भाचीनंही ते वापरून पाहिलं. पण त्या दिवशी धक्का बसला नव्हता, हे शेजाऱ्यांनी दुपारीच तपासून सांगितलं होतं.

सुतार म्हणाला, "ताई, करवतसुद्धा लाकूड खाते. ती किती खाते ते धरूनच रेघ मारायची असते." आणि त्यानं दाराच्या चौकटीतून उरलेली एक सागवानी पट्टी तासून सुईपासून मोजून मशीनच्या पाट्यावर तारेनं बांधून दिली. कापड त्या पट्टीला घासत गेलं की माया आपोआप पाव इंच. सूतभरही कमी नाही, जास्त नाही. चोची परत आल्या. मागचं दार त्या दिवशी तसंच उघडं राहिलं आणि रात्री मांजर दूध पिऊन गेलं, पण त्याबद्दल सुताराला कोणी बोललं नाही. चिंचणीला दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर डोळ्याला भिंग लावून पोलादावर नक्षी काढतात, त्यांच्यातलाच कोणी आमच्याकडे दाराला आला असावा असं मला वाटू लागलं.

चार बगळ्यांची युक्ती बघण्याजोगी आहे, हे आत्यालाही मान्य करावं लागलं. मोठ्या चौरसाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन लहान चौरस ठेवायचे, कर्णाची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना शिवायचं आणि रेघेवर कापायचं. इस्त्री फिरवली की पत्त्यांतले दोन बदाम हातात येतात. मग प्रत्येक बदामाच्या टोकावर एकेक लहान चौरस ठेवून पुन्हा तेच. कापलं की चार बगळे टेबलावर. आत्यानं भाचीला हे पुन्हा करून दाखवायला लावलं आणि हातचलाखी कुठे होते ते पकडायचा प्रयत्न केला.

पण ह्या पद्धतीचं नाव 'नो वेस्ट', म्हणजे काही वाया न जाणारी, असं आहे हे ऐकल्यावर तिच्यातली गृहिणी जागी झाली. तिनं हिशोब मागितला. मुलीनं मोबाइलवर केला: चार बगळ्यांसाठी साठ चौरस इंचांहून जरा जास्त कापड आत जातं, आणि शिवून झाल्यावर डोळ्यांना दिसतं ते बत्तीस चौरस इंच. बाकीचं कुठे गेलं? शिवणींच्या पोटात. म्हणजे रुपयातले साडेआठ आणे अंगावर आणि साडेसात आणे मायेत. जगात एवढा मोठा दलालीचा दर फक्त चिकूच्या बाजारात असतो, असं माझं मत पडलं, पण हिशोब चालू असताना माझं मत घेण्याची घरात पद्धत नाही.

गोधडीत असं होत नाही. आत्याची गोधडी म्हणजे दोन लुगड्यांच्या मधे घातलेले जुन्या धोतराचे, चादरीचे, परकराचे थर. जमिनीवर अंथरायचं, कोपऱ्यांवर पाट ठेवायचे आणि कडेनं धावदोरा घालत घालत आत मधोमध पोचायचं. विरलेली जागा आली की तिच्यावर ठिगळ. ठिगळाचा आकार भोक ठरवतं. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकाही अशाच कडेनं आत शिवत जातात, आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंध्यांची फुलं लावतात. फुलं नसली तर गोधडी उघडी-नागडी दिसते असं त्या मानतात. ह्यात कुठेच कापडाला कात्री लावून त्रिकोण करत नाहीत. त्रिकोणाची गरज पडत नाही, कारण गोधडीला कुठे जायचं नसतं. बगळ्यांना असतं. त्यांच्या सगळ्या भानगडी त्यातून आहेत.

बाळाला न्हाऊ घालायला पाड्यावरून काकी येते. तिला आसपासच्या पाड्यांवर लग्नाचा चौक काढायला बोलावतात. तो काढायचा मान सवाशिणींचा. शेण आणि गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाचं पीठ कालवून, बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्यानं त्या पालघाट देवीभोवती चौकट भरत जातात आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. हीच वारली चित्रं गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० नंतर कागदावर आणि कापडावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि आता ती मुंबईतल्या प्रत्येक सुसंस्कृत घराच्या पडद्यावर, चहाच्या कपावर आणि उशीच्या अभ्र्यावर नाचत असतात. न्यू जर्सीच्या भाचीच्या फ्रीजवरही एक जण तारपा वाजवतो. त्या चित्रांतला माणूस म्हणजे दोन त्रिकोण: वरचा खांद्यांपासून खाली कमरेपर्यंत उतरणारा, खालचा कमरेपासून खाली रुंदावणारा. दोन्हींची टोकं कमरेत मिळतात.

बाळाचं अंग पुसता पुसता काकीनं टेबलावर मांडलेली बगळ्यांची रांग बघितली. बराच वेळ बघितली. मग तिनं विचारलं की ह्या सगळ्या माणसांचं कमरेखालचंच का शिवलंय, वरचं कुठे गेलं?

सगळे टेबलाभोवती जमले. खरंच की. एकदा सांगितल्यावर बगळे दिसेनात. एकावर एक चढलेली नुसती पायाकडची धडं. आत्यानं रांग उलटी फिरवली, तर सगळ्यांची वरची धडं आली आणि पाय गेले. भाची म्हणाली, दोन्ही जोडू या, टोकाला टोक लावू, वारली माणूस शिवू. इथे सुतारानं दारातूनच मान हलवली. टोकाला टोक आणलं की शिवणींच्या घड्या एका जागी येतात आणि कापड आठ पदरी होतं. म्हणजे भिंतीवर जिथे माणसाची कंबर सगळ्यात बारीक, तिथे कापडावर ती सगळ्यात जाड. भाचीनं तरी एक करून पाहिला. सुई कमरेशी आली, कुरकुरली आणि मोडली. वारली माणूस कापडात चाळिशी ओलांडलेला निघतो.

काकीनं मग उरलेल्या पेजेत बोट बुडवून ओट्यावर त्रिकोणांची एक रांग काढली, एका हातानं बाळ सांभाळत. सुतारानं तिला पट्टी लावली. फरक होता. पण तो पट्टी लावल्यावरच कळत होता, आणि पट्टी काढली की पुन्हा नाहीसा होत होता. ह्याचा काय अर्थ घ्यायचा ते सुताराला उमगेना. तो पट्टी लावत होता, काढत होता. महालक्ष्मीचा सुळका आमच्या गच्चीवरून दिसतो, चैत्र पौर्णिमेच्या जत्रेत त्याच्यावर झेंडा चढतो. तोही त्रिकोण, झेंडाही त्रिकोण, आणि दोन्हींच्या बाजू सारख्या आहेत का हे बघायला अजून कोणी शिडी लावलेली नाही. काकीनं ओटा पुसला आणि चहा मागितला.

दुपट्याचं माप ३२ बाय ४० ठरलं होतं. त्यात आठ उभ्या रांगा, रांगेत वीस बगळे, म्हणजे १६० बगळे. भाचीच्या कामाचा वेग, बारशाची तारीख आणि अधूनमधून जाणारी वीज, कारण इस्त्री विजेवर चालते, ह्यांचा मेळ मुलीनं घालून पाहिला तेव्हा बाळ स्वतःच्या मुंजीत हे दुपटं नेसेल असं निघालं. तेव्हा घरात तह झाला. एक उभी रांग पुरी करायची, आणि आत्यानं शिवलेल्या गोधडीवर ती मधोमध बसवायची. भाचीला बगळे मिळाले, आत्याला गोधडी मिळाली, आणि छाटलेल्या टोकांचे बारीक त्रिकोण आत्यानं वेचून कोपऱ्यांची फुलं केली. साडेसात आण्यांतले थोडे तरी परत आले, असं ती म्हणाली.

राहिला प्रश्न दिशेचा. चोची डोक्याकडे की पायांकडे? भाचीच्या मते बगळे वर, म्हणजे डोक्याकडे उडतात. बायकोच्या मते मूल झोपताना चोच डोळ्यांसमोर नको. आत्यानं मात्र शास्त्र काढलं. डोकं उत्तरेला करायचं नाही हे ठरलेलंच आहे. हंस थंडीत कुठे जातात?

"दक्षिणेला," भाची म्हणाली.

"मग आत्ता थंडी आहे. बाळाचं डोकं दक्षिणेला, चोची डोक्याकडे. उन्हाळा लागला की गोधडी फिरवायची, म्हणजे ते परत जातील."

वर्षातून दोनदा उलटायची गोधडी अमेरिकेतही कोणाला सुचली नसेल. तिकडच्या घरांना बाराही महिने हवामानच नसतं.

बारशाला गावातल्या बायकांनी पाळणा म्हणायच्या आधी गोधडी हातात घेतली, उलटीसुलटी केली, मागची बाजू तपासली, कारण शिवणकामाची परीक्षा मागून होते, आणि बगळे इतके नेमके कोणी काढले म्हणून विचारलं. भाचीनं सुताराकडे बोट दाखवलं. सुतार पंगतीत होता. त्यानं सात सूत असं काहीतरी पुटपुटायला सुरुवात केली तशी आत्यानं त्याला जिलबी वाढली. नाव ठेवून झालं, बाळाला नव्या गोधडीवर घातलं, आणि पाचव्या मिनिटाला बाळानं गोधडीचा स्वीकार केला. चोचीपासून फुलापर्यंत सगळं ओलं. भाची धावली, पेजेची खळ निघेल, शिवणी ताणतील, रंग उतरेल.

"राहू दे गं," आत्या म्हणाली. "बगळेच ते. पाण्यात उभं राहायची सवय असते त्यांना."